मण्यावरचे दात

मथुराचं मनगट नाचणीच्या सत्त्वानं चिकट झालं होतं म्हणून संचितानं ते ओल्या फडक्यानं पुसलं. मनगटातला काळा दोरा पुसला, दोऱ्यातला मणी पुसला, आणि पुसता पुसता तिचा हात थांबला. मणी करडा, मळका, बोराच्या बीएवढा. त्यावर दोन रेघा चमकत होत्या. शेजारीशेजारी, आखूड, अगदी ताज्या. तिनं नखानं चाचपून पाहिलं. रेघा वरवरच्या नव्हत्या, चांगल्या आत गेल्या होत्या. मग तिनं लेकीचा खालचा ओठ बोटानं खाली केला. तिथं दोन दात होते, नुकतेच आलेले, ज्यांचे फोटो तिनं बोटीवर असलेल्या नवऱ्याला, सर्वेशला, कौतुकानं पाठवले होते. दातांमधलं अंतर आणि रेघांमधलं अंतर एकच होतं. मथुराला वाटलं, आई खेळतेय. ती हसली आणि सवयीनं मनगट तोंडाकडे न्यायला लागली. संचितानं तो हात धरून ठेवला. जरा जास्तच घट्ट धरला असावा, कारण मथुराचं हसू ओसरलं आणि ती आईच्या तोंडाकडे नुसती बघत राहिली.

समोर मेजावर लॅपटॉप उघडा होता आणि त्यावर माकडाचं एक पिल्लू अर्ध्या हालचालीत थांबलेलं होतं. संचिताचं काम सांगायला सोपं आणि पटवायला अवघड. पुण्याच्या एका संस्थेत ती माकडाच्या पिल्लांच्या चित्रफिती बघायची आणि त्यांच्या वागण्याला गुण द्यायची. बाळंतपणाला कोकणात तोंडवलीला माहेरी आली, सर्वेश बोटीवर गेला, तेव्हा संस्थेनं तिला घरूनच काम करायची मुभा दिली. तिची आई यशोदा शेजारणींना सांगायची, "आमचा चेडू माकडा बघता." त्यावर शेजारणी म्हणायच्या की मग आमच्या काजीच्या बागेत ये म्हणावं, हंय फुकट बघूक गावतत. संचिताही हसायची. त्या चित्रफिती परदेशातल्या कुठल्याशा प्रयोगशाळेत फार वर्षांपूर्वी काढलेल्या होत्या. जन्मल्याबरोबर पिल्लांना बाटलीच्या दुधावर ठेवलेलं, आणि त्यातल्या काहींच्या दुधात शिसं मिसळलेलं. फार नाही. पिल्लं मरत नव्हती, आजारी पडत नव्हती, अंगही चांगलं धरायची. फरक असलाच तर बारीक गोष्टींत होता. हलत्या खेळण्यामागे डोळे किती वेळ जातात, भांडं वाजलं की पिल्लू किती दचकतं, रडायला लागल्यावर माणसाच्या हातात किती वेळानं शांत होतं, आपलाच अंगठा किती चोखतं. हे सगळं संचिता बघायची. कुणाच्या दुधात शिसं होतं हे मात्र तिला सांगितलेलं नसे. माहीत असलं की डोळा वाकडा होतो, असं त्यांच्या शर्मिलामॅडम म्हणायच्या.

आणि हे सगळं चालू असताना मांडीवर बसलेली तिची मुलगी पागाचा मणी चोखत होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. पाग म्हणजे फेकायचं गोल जाळं; त्याच्या काठाला ओळीनं शिशाचे मणी ओवलेले असतात, म्हणून ते पाण्यात उघडतं आणि तळाला बसतं. ते मणी शिशाचे असतात हे काही कुणी तिच्यापासून लपवलं नव्हतं. तिचे वडील गुरुदास परड्यातल्या दगडी चुलीवर लोखंडी पळीत शिसं वितळवायचे, तेव्हा लहानपणी ती आणि तिचा भाऊ सुशांत समोर उकिडवे बसून बघायचे. वरची काळी साय फुटून आतून आरशासारखं पाणी दिसायचं, त्यात आपलं तोंड बघायला दोघं वाकायची, आणि बाबा ओरडायचे, भाजेल म्हणून. वास कसला तरी गोडसर यायचा. तो वास तिला या क्षणीसुद्धा आठवला. तरी घरातलं शिसं वेगळं आणि लॅपटॉपमधलं शिसं वेगळं, अशी तिच्या डोक्यात इतकी वर्षं नांदत आली होती, दोन भावकींसारखी, एकाच वाड्यात आणि एकमेकांशी न बोलता.

मणी बांधायची चाल या घरातलीच. गावात दुसऱ्या कुणाकडे ती नव्हती. गुरुदासांच्या आईचं, थोरल्या मथुरेचं, पहिलं मूल भरतीत वाहून गेलं होतं म्हणे. दुसरा, म्हणजे गुरुदास, झाल्यावर तिनं नवऱ्याच्या पागाचा एक मणी सोडवून पोराच्या मनगटात बांधला. जाळ्याला तळाला धरून ठेवतो तो पोराला जमिनीवर धरून ठेवील, दर्या ओढून नेणार नाही, असा त्या बाईचा हिशेब. गुरुदास जगले. मग चाल पडली. बारशाला बांधायचा, सगळे दात आले की उतरवायचा आणि देवाच्या कोनाड्यात ठेवायचा. तोच मणी संचिताच्या हातात होता, मग सुशांतच्या, आणि आता धाकट्या मथुरेच्या. बारशाच्या दिवशी गुरुदासांनी दोऱ्याला गाठ मारली तेव्हा बाळाचा हात संचितानंच पुढं धरला होता. तिला भरून आलं होतं. कुणी तिला तेव्हा विचारलं असतं, हा कशाचा गं, तर तिनं पटकन सांगितलंही असतं, शिशाचा. आणि तरीही हात पुढंच धरला असता. हे तिला स्वतःशीच कबूल करावं लागलं, आणि ते फार अवघड गेलं.

तिनं कात्रीनं दोरा कापला. मणी कागदात गुंडाळून कपाटावर टाकला, हात साबणानं धुतले, मथुराचे धुतले, पुन्हा आपले धुतले. मथुरानं मनगट तोंडात घातलं, तिथं काही मिळेना, म्हणून काढून त्याच्याकडे बघितलं, आणि उलटं करून पुन्हा घातलं. मग रडायला लागली. संचितानं तिला खांद्यावर घेतलं आणि अंगणात नेलं. सुरूच्या झाडांपलीकडे भरतीचा आवाज चालू होता, तंबूत उतरलेल्या पर्यटकांपैकी कुणीतरी किंचाळत पाण्यात पळत होतं. मथुरा शांत होईना. आणि संचिताच्या लक्षात आलं की आपण मनातल्या मनात वेळ मोजतोय. पिल्लू हातात घेतल्यापासून शांत होईपर्यंतचा वेळ. त्याला गुण असत. तिनं मोजायचं थांबवायचा प्रयत्न केला, पण श्वास मोजायचा थांबवावा तसं ते, थांबवायला गेलं की जास्तच चालू होतं.

पहिल्या वर्षी तिनं पिल्लांना मनातल्या मनात नावं ठेवली होती. ते नियमात बसत नव्हतं, म्हणून कुणाला सांगितलं नव्हतं. त्यात एक पिल्लू होतं, ज्याला कशानंही भिरभिरायला व्हायचं. टाळी वाजली की अंग आखडायचं, हातात घेणाऱ्याच्या बोटाला चावायचं, बाटली फेकायचं. त्याचं नाव तिनं सुशांत ठेवलं. दुसरं एक शांत, गोल डोळ्यांचं, खेळण्याकडे टक लावून बघणारं, छातीशी घेतलं की लगेच निजणारं. त्याला तिनं काहीच नाव दिलं नाही, कारण त्याच्याकडे बघताना तिला बरं वाटायचं आणि ते पुरे होतं. वर्षअखेरीला, कुणाच्या दुधात काय होतं त्या झाकून ठेवलेल्या खुणा उघडल्या तेव्हा सुशांतच्या बाटलीत नुसतं दूध निघालं. आणि त्या गोल डोळ्यांच्या गुणी पिल्लानं पहिल्या दिवसापासून शिसं प्यालेलं होतं. संचिताला तेव्हा आपली कुणीतरी फजिती केल्यासारखं वाटलं होतं. शर्मिलामॅडम शांतपणे म्हणाल्या, "पन्नास पिल्लांची बेरीज काढलीत तर फरक दिसतो. एकट्या पिल्लाकडे बघून निकाल देऊ नका. एकटं पिल्लू म्हणजे फक्त एकटं पिल्लू असतं." वाक्य तिनं लक्षात ठेवलं होतं. आता लेकीला थोपटताना तिला त्यातून काहीही दिलासा मिळत नव्हता. घाबरू नकोस असं ते वाक्य म्हणत होतं, आणि निर्धास्त राहू नकोस असंही तेच म्हणत होतं.

मथुराला शेवटी शांत केलं ते सुशांतनं. तो रिक्षा घेऊन आला, फाटकातूनच "बाय गो" अशी हाक घातली, आणि तिला उचलून रिक्षाचा हॉर्न वाजवायला दिला. एवढ्या मोठ्या आवाजानं ती दचकली नाही, उलट खिदळली. संचितानं हेही टिपलं. सुशांत तिच्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, तिशीकडे झुकलेला. त्याच्याबद्दल गावात विचारलंत तर कुणी वाईट असं सांगणार नाही, पण नुसतं मान हलवतील. वर्गात त्याला बाकावर बसवता यायचं नाही. पाटी मास्तरांच्या अंगावर फेकली म्हणून शाळा सुटली. डॉल्फिन दाखवायच्या होडीवर कामाला लागला, तर मालकाशी वाद होऊन होडीची किल्ली भर खाडीत भिरकावली. मागाहून स्वतःच बुड्या मारून शोधत बसला, तो भाग कुणी सांगत नाही. कोळसा उगाळावा तितका काळाच, असं गुरुदास म्हणायचे. जित्याची खोड, असं यशोदा म्हणायची, पण हळू आवाजात.

संचिताला आठवत होतं ते वेगळं होतं. परड्यातला एक माड. त्याला सुशांतला बांधलेलं. आठ-नऊ वर्षांचा असेल. बाबांच्या हातात होडीची ओली दोरी. तो रडत नव्हता, पाय आपटत होता, आणि जितके पाय आपटायचा तितकी दोरी पडायची. ती पडवीत गणितं सोडवत बसली होती. तिचा अभ्यासातला नंबर त्याच वर्षी पहिला आला. बाबा तिला कधी बोटही लावायचे नाहीत, लावायची वेळच यायची नाही. आणि मारून झालं की हेच बाबा सुशांतला मांडीवर घेऊन माशाचे काटे काढून भरवायचे, यशोदा मागं बसून डोळे पुसायची, आणि तिला, संचिताला, या सगळ्याचा भयंकर राग यायचा. बाबांचा नाही, सुशांतचा. तो गप्प का बसत नाही. गप्प बसणं एवढं सोपं असताना.

सांगायचं संध्याकाळी ठरवलं होतं, पण गुरुदासांनीच विषय काढला. ते पडवीत नवा पाग घेऊन बसले होते, नातीच्या नावाचा, पहिल्या वाढदिवसाला त्यानं मासे मारायचे होते. मथुरा रांगत पागाकडे निघाली आणि संचितानं तिला इतक्या झपकन उचललं की म्हातारा चमकला. त्यानं नातीचं मोकळं मनगट बघितलं.

"मणी खंय गेलो?"

"मी काढलंय, बाबा. शिसा आसा तेच्यात. ल्हान पोरांच्या पोटात गेला तर वायट. विष ता."

"शिसा आसा ता माका सांगतंस?" गुरुदास हसले. "हात भाजून घेऊन जल्म गेलो माझो. विष असता तर मी खंय असतंय? मी घातलंय, तू घातलंस, सुशांतान घातल्यान. आमका काय झाला?"

हा प्रश्न येणार हे तिला ठाऊक होतं, उत्तरही तयार होतं, पुण्यात तिनं असल्या प्रश्नांना मोठ्या सभागृहात उत्तरं दिली होती. पण त्याच वेळी यशोदा स्वयंपाकघराच्या दारात आली आणि "आमका काय झाला" हे ऐकून तिची नजर नकळत अंगणात गेली, जिथं सुशांत रिक्षाच्या चाकाशी काहीतरी करत होता. क्षणभरच गेली. ती नजर संचितानं बघितली आणि गुरुदासांनीही बघितली. गुरुदासांनी पागाचा काठ मांडीवर ओढला आणि पुढचा मणी शोधायला लागले.

कसालला मुलांचे डॉक्टर होते, तिथं रक्त काढून मुंबईला तपासायला पाठवायची सोय होती. सुशांतच त्यांना रिक्षातून घेऊन गेला, मसुऱ्यावरून, जंगलातल्या रस्त्यानं. यशोदा बरोबर होती, नातीच्या अंगातून रक्त काढणार या कल्पनेनंच ती अर्धी झाली होती. दवाखान्यात मथुरा सुई टोचली तेव्हा रडली आणि मग डॉक्टरांच्या टेबलावरचं रबरी बदक बघून थांबली. लवकर थांबली की उशिरा, हे संचिताला ठरवता येईना. परत येताना वाटेत लाल तोंडाच्या माकडांचा एक कळप रस्त्यात बसला होता. सुशांतनं रिक्षा थांबवली. एक मादी पोटाशी पिल्लू धरून शांतपणे त्यांच्याकडे बघत होती, पिल्लाचा एक हात आईच्या कानावर. सुशांतनं मागं न बघता विचारलं, "आमच्या बायक काय होतला काय गो, खरा सांग?"

"म्हायत नाय," संचिता म्हणाली. "कदाचित कायच नाय."

"माका पण लागला असतला ता?" त्यानं विचारलं, आणि ती काही म्हणायच्या आत माकडं बाजूला झाली आणि त्यानं रिक्षा चालू केली. रिक्षाच्या आवाजात पुढचं बोलणं होण्यासारखं नव्हतं, आणि संचिताला त्या आवाजाचा आधार वाटला. पुढं घर येईपर्यंत ती त्याच्या मानेकडे बघत होती. उन्हानं रापलेली, केसांखाली एक जुना व्रण असलेली मान. तो व्रण दोरीचा की शाळेतल्या पडण्याचा, तिला आठवेना.

निकाल यायला दिवस लागणार होते. त्या दिवसांत संचिताचं आपल्या मुलीकडे बघणं बंद झालं. ती नुसती नोंद करत होती. कुकरची शिट्टी झाली की मथुरा दचकते. पण कुठलं मूल दचकत नाही? मांजराच्या शेपटीमागे तिचे डोळे छान जातात. पण ते गोल डोळ्यांचं पिल्लूही छानच बघायचं. अंगठा चोखते. दात येतायत, चोखणारच. प्रत्येक गोष्टीला दोन बाजू, आणि दोन्ही बाजूंवर तीच उभी. दूध पाजताना तिच्या मनात आलं की आपणही तोच मणी चोखला होता. शिसं हाडांत जाऊन बसतं आणि बाईला दिवस गेले की हाडांतून सुटून पोराकडे जातं, हे तिनं वाचलेलं होतं, एका परिसंवादात स्वतः बोललीही होती. म्हणजे मणी कापून टाकला तरी तो थोडासा या छातीतूनही जात असेल. थोरल्या मथुरेनं आपलं वाहून गेलेलं मूल आठवून जो मणी बांधला, तो असा पिढ्यापिढ्यांतून उतरत धाकट्या मथुरेपर्यंत आला. संचिताला त्या न पाहिलेल्या आजीचा राग येईना. उलट वाटलं, तिच्याजवळ बसून सांगावं, की बाय, तुझी भीती खरी होती, नुसता उपाय चुकला. पाजता पाजता तिला झोप लागली आणि जाग आली तेव्हा मथुरा तिच्या बांगड्यांशी खेळत होती, न रडता, एकटीच, आणि एवढं बघून संचिताला हुंदका आला. लेक जशी असेल तशी आपल्याला हवी आहे, आणि तरी तिच्यातलं काही कमी झालेलं असू नये, या दोन्ही गोष्टी ती एकाच वेळी मागत होती.

सर्वेशचा फोन आला तेव्हा तो म्हणाला, "तू उगाच जास्त विचार करतेस." तो लांब होता, समुद्र खवळलेला होता, आवाज तुटत होता. ती "हो" म्हणाली. माणूस लांब असला की त्याला खरं सांगण्यापेक्षा झोपू देणं बरं, हे ती दर्यावर्दी घरातच शिकली होती.

डॉक्टरांचा फोन सकाळी आला, ती लॅपटॉप उघडायच्या बेतात असताना. ते प्रमाण भाषेत, सावकाश बोलत होते. "असायला नको एवढं शिसं आहे, ताई. पण औषध द्यावं लागेल एवढं नाही. मणी काढलात हाच उपचार. लोह मिळेल असं खायला घाला, घरातलं बाकीचं शिसं तिच्यापासून लांब ठेवा. पावसाळ्याआधी पुन्हा रक्त बघू, खाली आलेलं असेल." तिनं विचारलं, पुढं काही परिणाम? डॉक्टर म्हणाले, "एका मुलाबद्दल असं कुणाला सांगता येणार? तुम्ही या विषयातल्याच आहात ना?" तिनं आभार मानले.

पडवीत गुरुदास होते. त्यांना फोनवरचं अर्धं ऐकू आलं होतं. नवा पाग खुंटीला टांगलेला, काठ जमिनीपासून वर गुंडाळलेला. यशोदेनं तो काल स्वतःच वर टांगला होता. संचितानं त्यांना सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "तुमी दोघांय तोच मणी घातलास. तू शिकलंस, पुण्याक गेलंस. आणि सुशांत हो असो. मगे मण्याचो काय दोष, सांग माका."

मुद्दा बिनतोड होता. म्हाताऱ्यानं तो काही दिवस मनात घोळवलेला असणार. संचिता म्हणाली, "बाबा, एका टोपातली पेज दोघांनी खाल्ली तरी एकाक बाधता, एकाक नाय."

"म्हणजे तेका बाधली."

"तसा सांगूक येना नाय. बाधली असतली. नसतली पण. एकट्याचा कधीच सांगूक येना नाय."

"मगे इतक्या शिकलंस कित्याक?" गुरुदास म्हणाले. ते रागानं म्हणाले नाहीत. खरोखरच विचारत होते.

सुशांत अंगणात रिक्षा धूत होता. बादली खाली ठेवून तो पायरीपाशी आला, पायरीवर चढला नाही. त्यानं सगळं ऐकलं होतं. त्याचे हात कोपरापर्यंत ओले होते आणि तो ते पुसत नव्हता.

"माझ्यात आजून आसा ता?" त्यानं बहिणीला विचारलं.

"हाडांत असतला थोडा. माझ्यात पण."

"म्हणजे मी मुद्दाम करी नाय होतंय," तो म्हणाला. त्याचा स्वर प्रश्नाचा नव्हता. माणूस खूप वर्षं घट्ट धरलेलं ओझं कुठं ठेवावं म्हणून जागा बघतो, तसं तो म्हणाला. संचिताला नियम ठाऊक होता. एकट्याबद्दल निकाल द्यायचा नाही. भिरभिरणाऱ्या त्या पिल्लाच्या दुधात काहीच निघालं नव्हतं, तसंच सुशांतच्या बाबतीतही असेल. तो जन्मतःच असा असेल, मणी न बांधताही असाच झाला असता. पण तिच्या लक्षात आलं की या घरात त्याच्याबद्दल निकाल तर कधीच लागलेला आहे, तो आठ वर्षांचा असताना, आणि निकाल देणाऱ्यांत पडवीत गणितं सोडवणारी एक मुलगीही होती. कुणी वेळ मोजला नव्हता, कुणी खुणा झाकल्या नव्हत्या. आणि शिसं असो की नसो, आठ वर्षांचं पोर असं मुद्दाम कशाला करील? हे सांगायला पन्नास पिल्लं लागत नव्हती.

"नाय रे," ती म्हणाली. "तू मुद्दाम कायच करी नाय होतंस."

सुशांतनं मान हलवली. आत यशोदेच्या हातातलं भांडं ओट्यावर टेकल्याचा आवाज आला. मथुरा पडवीच्या कडेला बसून आपल्या पायाच्या बोटांशी झगडत होती. गुरुदास खाली बघत होते. त्यांचे हात मांडीवर उपडे पडलेले, शिशाच्या जुन्या डागांनी भरलेले. ते बोलले ते सुशांतकडे न बघता.

"माका म्हायत नाय होता रे."

"तुमका खंयसून म्हायत असतला," सुशांत म्हणाला. त्याचा आवाज हळू होता. त्यात राग असता तर गुरुदासांना सोपं गेलं असतं. रागाला काय उत्तर द्यायचं ते त्यांना येत होतं. तो पुढं म्हणाला, "पण म्हायत नाय होता तरी मारूक नको होता, बाबा."

संचिताला वाटलं, आता बाबा उठतील, काहीतरी बोलतील, आणि मग सुशांत पेटेल, आणि सगळं जसं नेहमी होतं तसंच होईल. तसं काही झालं नाही. सुशांत उभा होता तसाच उभा राहिला.

"होय," गुरुदास म्हणाले. "नको होता."

सुशांत परत रिक्षाकडे गेला आणि त्यानं रिकामी बादली उचलली. तेवढ्यात गुरुदास पायऱ्या उतरून त्याच्यामागं आले, बादली त्याच्या हातातून घेतली, आणि पाणी शेंदायला विहिरीवर गेले.